थिजलेलं खोबरेल

थंडी पडली की माझ्या खाटेखालच्या सात बाटल्या पांढऱ्या होतात. आधी तळाशी धुकं धरल्यासारखं दिसतं, मग एका सकाळी वाकून बघावं तर गळ्यापर्यंत दगड. मार्चमध्ये त्या पुन्हा आपोआप पातळ होतात. बायको दर वर्षी माझी सुट्टी संपताना बॅगेत एक बाटली घालते. घरच्या नारळांचं, घाण्यावरून काढून आणलेलं खोबरेल. मी ती इथे तबूकला आणतो आणि आधीच्या बाटलीशेजारी उभी करतो. त्यातली एकही मी उघडलेली नाही, आणि फेकून द्यायचीही माझी हिंमत होत नाही.

व्हिडिओ कॉलवर तिने एकदा विचारलं, "तुमचे केस इतके सुके कशाक दिसतत? तेल सपला काय?"

"आहे, आहे," मी म्हणालो. "इथलं पाणीच खारट."

पाण्यावर ढकललं की विषय मिटतो. खोटं बोलायला मी तसा कच्चा आहे, पण या एका गोष्टीत माझा हात चांगला बसलाय.

मी फिटर आहे. तबूकच्या बाहेर एका मोठ्या शेतावर पंप, जनरेटर, शीतगृह, जे जे फिरतं, तापतं किंवा गळतं ते माझ्याकडे. एकोणीस वर्षं झाली. कामगारांच्या खोल्यांची रांग शेताच्या एका टोकाला, मालकाचं घर दुसऱ्या टोकाला. मालकाला, म्हणजे आमच्या कफीलला, आम्ही सगळे बाबा म्हणतो. साठी ओलांडलेला, उंच, हळू बोलणारा माणूस. पाठीच्या दुखण्यावर डॉक्टरने काहीतरी व्यायाम कर म्हणून सांगितलं, तेव्हा त्याने चालायला जायचं सोडून धनुष्य विकत घेतलं. श्रीमंतांची थेरं, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं.

ते धनुष्य चित्रातल्यासारखं नव्हतं. दोन टोकांना कप्प्या, त्यांच्यातून फिरणाऱ्या दोऱ्या, मध्ये नेम धरायला बारीक भोक असलेली चकती. एकदा कप्पीचा स्क्रू ढिला झाला म्हणून बाबा ते घेऊन माझ्या वर्कशॉपमध्ये आला. "हे बघ, मुहंदिस," म्हणाला. मुहंदिस म्हणजे इंजिनियर. आयटीआय झालेल्या माणसाला कुणी इंजिनियर म्हटलं की तो नाही म्हणत नाही. मी स्क्रू आवळला, कप्पी सरळ केली, आणि त्या दिवसापासून ते धनुष्य माझ्या गळ्यात पडलं ते कायमचं.

खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं. बाबा हिवाळ्यात परवान्यात बसेल तेवढी शिकार करायचा. शिकार म्हणजे ससे, फार काही नाही. पश्चिमेच्या डोंगराकडे गाडी घेऊन तीनचार दिवस जायचं, तंबू ठोकायचा. मी सामान सांभाळायला, आणि ससे उठवायला आमच्या शेतावरचा मेंढपाळ. तो सुदानचा, बाबाहूनही वयाने मोठा. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. चाचाला डोंगर तळहातासारखा माहीत होता. तो कमी बोलायचा आणि जे बोलायचा ते बहुतेक वेळा जनावरांशी.

त्या डोंगरात थंडी अशी पडते की सौदी म्हटल्यावर आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे जे उभं राहतं त्याच्याशी तिचा काही संबंध नाही. पाऊस येतो, पावसात बर्फाचे खडे येतात, कधीकधी सकाळी वरचा कडा पांढरा दिसतो. आणि धनुष्याला ओल आणि थंडी दोन्ही सोसत नाहीत. दोरीने पाणी प्यायलं की ती जड होते आणि बाण खाली पडतो. म्हणून दोरीला मेण लावायचं, आणि बोटाने घासून ते गरम करत आत जिरवायचं. नेमाच्या भोकात थेंब अडकून गोठला की समोर काही दिसत नाही. तो थेंब फुंकून काढायचा नाही, कारण श्वासाची वाफही तिथेच गोठते. तो दोरी टिचकावून उडवायचा. बाणांच्या पात्यांना व्हॅसलिनचा हात फिरवायचा. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे थंड पडलेलं धनुष्य उबदार तंबूत आणायचं नाही. आणलं की त्याला घाम फुटतो, तो घाम सांध्यासांध्यांत शिरतो, आणि सकाळी बाहेर नेलं की गोठतो. दिवसभर भिजलेलं सामान संध्याकाळी कोरडं पुसायचं, आणि पेटीत घालून बाहेर गाडीतच ठेवायचं.

हे सगळं बाबा फोनवर व्हिडिओ बघून शिकला होता आणि तो ते मला शिकवायचा. माझा स्वभाव मुळात चिडका. त्यातून माझ्या धंद्यातलं कुणी मला शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. बाबाचं एक वाक्य तर मला पाठ झालं होतं. "मुहंदिस, तेल नाही. तेल थंडीत मरतं. कोरडी पूड." सांध्यांना, कप्प्यांना आणि दोरी ओढायच्या चिमट्याला फक्त ग्राफाइटची काळी पूड लावायची, अशी ताकीद होती. मी मान डोलवायचो. मनात म्हणायचो, वीस वर्षं तेलात हात घालून बसलोय मी, आणि हा मला तेल शिकवतोय.

चिमटा म्हणजे मनगटाला पट्ट्याने बांधायचं छोटं यंत्र. दोरी बोटांनी ओढायची नाही, हा चिमटा दोरीला अडकवायचा, त्याने ओढायचं, आणि नेम लागला की त्याचा चाप दाबायचा. चाप दाबला की चिमट्याचे दोन जबडे उघडतात आणि दोरी सुटते. करंगळीएवढी वस्तू, पण सगळा जीव तिच्यात. जबडे पूर्ण मिटले नाहीत तर दोरी केव्हाही सुटेल.

आता त्या दिवसाचं सांगतो. सात हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट आहे.

दिवसभर बर्फाच्या खड्यांचा पाऊस होता. एकही ससा दिसला नाही आणि आम्ही तिघे भिजून तंबूकडे परतलो. संध्याकाळी बाबा आणि चाचा शेगडीपाशी बसले. मी सामान कोरडं करायला घेतलं. धनुष्य पुसलं, दोरीला मेण लावलं, बाण पुसले. मग चिमटा हातात घेतला. त्याच्यात पाणी शिरलं होतं, चाप करकरत होता. मी पिशवीत पुडीची डबी शोधली. नव्हती. सगळी पिशवी उलटी केली तरी नव्हती. मग आठवलं की ती मी वर्कशॉपच्या टेबलावर, लोखंड आवळून धरायच्या व्हाइसच्या शेजारी विसरून आलो आहे.

बाबाला सांगायचं एवढंच होतं की डबी राहिली. तो रागावला नसता. फार तर म्हणाला असता की उद्या बोटांनी ओढतो, किंवा उद्या शिकार नको. पण मला मुहंदिस म्हणून घ्यायची सवय लागली होती, आणि मुहंदिस डबी विसरत नाही. तेव्हा मी आमच्याकडे जे करतात ते केलं.

आमच्याकडे म्हणजे कोकणात. तिथे लोखंडाचा वैरी एकच, पाणी. कोयता, विळी, कुदळ, दाराच्या बिजागऱ्या, शिलाई मशीन, कुलपं, सगळ्याला खोबरेल. आई विळी धुवून पुसली की तेलाचं बोट फिरवल्याशिवाय उभी करायची नाही. कुलूप अडकलं की दोन थेंब. ओल लागली की तेल लावायचं, हे डोक्याने नाही, हातानेच ठरवलेलं असतं. माझ्या पिशवीत अंघोळीच्या सामानात तेलाची बाटली होती. ती थिजलेली होती, म्हणून मी ती शेगडीपाशी धरली. थोडं पातळ झालं. चिमट्यात चार थेंब सोडले, चाप दहावीस वेळा दाबला. काय सुंदर चालत होता. लोण्यासारखा. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मग नियमाप्रमाणे मी सगळं पेटीत घातलं आणि बाहेर गाडीत ठेवलं. एक नियम मोडला होता आणि दुसरा पाळला होता. दोन्ही मोडले असते, चिमटा तंबूतच उशाशी ठेवला असता, तर काहीही झालं नसतं. हा हिशेब मी इतक्या वेळा केला आहे की आता तो करताना डोकं चालतही नाही, नुसता आपोआप होतो.

सकाळ स्वच्छ होती. पाऊस थांबला होता, दगडांवर काच चढल्यासारखा पातळ बर्फ होता. मी तोंड धुतलं, सवयीने डोक्याला तेल लावायला बाटली काढली. ती पांढरीधोप होती. उलटी केली तर थेंब हलेना. मी ती बघितली. ही गोष्ट मला नीट लिहायची आहे, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला ठेवायची नाही. थिजलेली बाटली मी हातात धरली, बघितली, झाकण लावलं आणि परत पिशवीत टाकली. चिमटा आठवला नाही असंही नाही. आठवला. पण मी मनात म्हटलं, चार थेंब तर आहेत.

आम्ही एका ओढ्याच्या कोरड्या पात्राशी गेलो. चाचाला बाबाने डावीकडे, चाळीसेक पावलांवर एका बुटक्या दगडामागे बसवलं. शिट्टी वाजेपर्यंत उठायचं नाही, शिट्टी वाजली की उठून समोरच्या झुडपातले ससे हाकायचे, असं ठरलं होतं. पण शिट्टीची वेळच आली नाही. समोरच एक ससा उन्हाला येऊन बसला होता. बाबाने मागे न बघता माझ्याकडे हात केला. मी चिमटा काढला. देण्याआधी एकदा चाप दाबून सोडला. तो परत आला, पण सावकाश. झोपेतून उठवलेल्या माणसासारखा. बाबाचा हात तसाच मागे पसरलेला होता.

त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं की बाबा, थांब. पण थांब म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं, मग तेल, मग डबी. मी चिमटा त्या हातावर ठेवला. त्याने पट्टा बांधला, चिमटा दोरीला अडकवला. ससा अजून बसलेला होता.

मी सशाकडे बघत नव्हतो. मला ससा मरताना बघायला कधीच आवडलं नाही, म्हणून मी अशा वेळी दुसरीकडे बघायचो. त्या दिवशी मी चाचाकडे बघत होतो. तो बसलेला होता. पाय पोटाशी घेऊन, शाल कानांवरून ओढून, उजवा हात समोरच्या दगडावर टेकून. तो हलला नाही. उठला तर मुळीच नाही.

बाबाने दोरी ओढायला सुरुवात केली. अर्ध्यातच ती सुटली. बाबाची मूठ त्याच्याच जबड्यावर आदळली, बाण वाकडा डावीकडे गेला, आणि दगडावरच्या त्या हातात शिरला.

चाचा ओरडला नाही. त्याने हाताकडे बघितलं आणि मग आमच्याकडे. मग तो उठला. हात उचलून धरून, आमच्या दिशेने दोन पावलं चालत आला, आणि बसला.

तबूकच्या हॉस्पिटलपर्यंत गाडी मी चालवली. मागे बाबाने चाचाचा हात आपल्या मांडीवर धरला होता. बाबाची मान हलत होती आणि तो पुन्हापुन्हा एकच म्हणत होता, माझा हात, माझा हात सटकला. मध्येच त्याने विचारलं, "तू उठला होतास का?" विचारण्यात आरोप नव्हता. बुडणारा माणूस हाताला काही लागतं का बघतो, तसं होतं ते.

चाचा म्हणाला, "हो, शेख. मालेश. मी आधी उठलो."

मालेश म्हणजे माफ कर. ज्याच्या हातातून रक्त वाहत होतं त्याने माफी मागितली. तो बाबाचं मन राखायला तसं म्हणाला, की मालकाने विचारलं की हो म्हणायचं या सवयीने, की वेदनेत त्याला खरंच तसं वाटलं, हे मी सांगू शकत नाही. आरशात मला दोघांचे चेहरे दिसत होते. मी गिअर बदलला.

हॉस्पिटलमध्ये पोलीस आले. बाबाने सांगितलं, माझा हात सटकला. चाचाने सांगितलं, मी आधी उठलो. मग तो तरुण पोलीस माझ्याकडे वळला. सामान तू सांभाळतोस ना, सामान ठीक होतं ना, असं त्याने विचारलं.

"तमाम," मी म्हणालो. सगळं व्यवस्थित.

त्याने लिहून घेतलं. मला घाम फुटला होता, आणि मनात दोनच गोष्टी होत्या, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, आणि जेल. मुलीचं बारावीचं वर्ष होतं, घराचा स्लॅब पडायचा होता. भीती वाटली म्हणून खोटं बोललो, हे मी समजू शकतो. भित्रा माणूस काय करतो ते मला चांगलं माहीत आहे. पण शेतावर परतल्यावर मी वर्कशॉपचं दार लावून घेतलं, चिमटा पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशने घासून घासून धुतला, आणि वर काळी पूड लावली. डबी टेबलावर व्हाइसच्या शेजारीच होती. ते मी भीतीने केलं नाही. ते अगदी शांतपणे, कामात चोख असलेल्या माणसासारखं केलं. त्याची मला जास्त लाज वाटते.

चाचाची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. त्याला मेंढ्यांचं दूध काढता येईना, दोरीची गाठ मारता येईना. बाबाने त्याला फाटकावर बसवलं. गाडी आली की डाव्या हाताने साखळी काढायची आणि लावायची. जपमाळही डाव्या हातात गेली. मी दिवसातून चार वेळा त्या फाटकातून जायचो. तो दर वेळी हसून हात वर करायचा, उजवाच, सवयीने. तीन बोटं सरळ आणि दोन वाकलेली.

बाबाने धनुष्य मजलिसच्या, म्हणजे त्याच्या बैठकीच्या खोलीच्या भिंतीवर टांगलं आणि पुन्हा हातात घेतलं नाही. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण पूर्वी त्या मजलिसमध्ये गाहवा, म्हणजे त्यांची कॉफी, तो स्वतः ओतायचा. डाव्या हातात किटली, उजव्या हातात बिनकानाचे छोटे कप, पाहुणा कोणीही असो, त्याच्यापुढे वाकून ओतणार. मी पाइप दुरुस्त करायला गेलो तरी मलाही. त्यांच्यात तो यजमानाचा मान असतो. त्या हिवाळ्यानंतर त्याने किटली हातात घेतली नाही. पाहुणे आले की पुतण्या ओतायचा. "हाताचा भरवसा नाही," बाबा म्हणायचा आणि उजवा हात मांडीखाली घालून बसायचा. तो रियाधला जाऊन मोठ्या डॉक्टरांना हात दाखवून आला. हात ठणठणीत आहे असं ते म्हणाले. ते त्याने मानलं नाही. धनुष्याची दोरी मात्र दर हिवाळ्यात मेण लावून ठेव, एवढं तो मला सांगायचा. मी स्टुलावर चढून भिंतीवरच्या धनुष्याला मेण लावायचो आणि खाली तो हात लपवून बसलेला असायचा.

दोन वर्षांनी चाचा कायमचा घरी निघाला. विमानतळावर सोडायला मीच गेलो. गाडीत आम्ही दोघंच, वाट अर्ध्या तासाची. मी वाक्य जुळवून ठेवलं होतं. सिग्नल आला की सांगू, वळण आलं की सांगू, असं करत विमानतळ आला. उतरताना तो म्हणाला, "माझ्यामुळे शेखचा छंद गेला. मी उठलो नसतो तर. त्याला सांग, मला माफ कर."

आतापर्यंत त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं. दोन वर्षं रोज तीच गोष्ट सांगून तो त्या दगडामागून खरोखर उठला होता.

"सांगतो," मी म्हणालो, आणि त्याची बॅग ढकलगाडीवर ठेवून दिली.

पुढे ईदला त्याचा फोन यायचा. शेळ्या आहेत, नातवंडं आहेत, बोटं थंडीत दुखतात, असं सांगायचा. मग तिकडे लढाई पेटली. एका ईदला फोन आला नाही. मी लावला तर लागला नाही. शेतावर आणखी दोघं सुदानी होते, त्यांना विचारलं. चाचाच्या गावाकडचे लोक निघून गेले, कुठे ते कुणालाच माहीत नाही, असं ते म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या घरच्यांचाही पत्ता लागत नव्हता, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही.

त्या शिकारीपासून मला खोबरेलाच्या बाटल्यांकडे बघवत नाही. खोलीत कुणी डोक्याला खोबरेल लावलं की मी बाहेर जाऊन उभा राहतो. घरी गेलो की आंघोळीआधी बायको वाटीत तेल कोमट करून आणते, आणि तो वास नाकात गेला की मला दगडावर टेकलेला हात दिसतो. तिला मी हे सांगितलेलं नाही. तिच्या हातच्या तेलाने काय केलं ते तिला कशाला सांगायचं, असं मी स्वतःला समजावतो. तेही एक तमामच आहे.

या हिवाळ्यात, जानेवारीत, मजलिसमधला हीटर बंद पडला म्हणून बाबाने मला बोलावलं. मी तो उघडून बसलो. बाहेर पाऊस होता. पुतण्या गावाला गेला होता, मजलिसमध्ये आम्ही दोघंच. मोलकरणीने गाहव्याची किटली आणि कप आणून ठेवले. किटली बाबाच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. त्याने ती बघितली, उजवा हात मांडीखाली सारला आणि म्हणाला, "मुहंदिस, तू ओत. तुझा हात पक्का आहे."

मी किटली उचलली, आणि मला ओतता येईना. डोळ्यांत पाणी आलं, कप दिसेना. किटली हातात तशीच धरून मी सगळं सांगितलं. मोडक्यातोडक्या अरबीत, जिथे अडलं तिथे हिंदीत. डबी, खोबरेल, पांढरी बाटली, सावकाश परत आलेला चाप, पोलिसाला दिलेलं उत्तर, पेट्रोल. चाचा बसलेला होता, हेही. सांगून झालं तेव्हा मी खलास या शब्दाची वाट बघत होतो. पासपोर्ट, तिकीट, उद्याच्या उद्या चालता हो.

बाबाने भिंतीवरच्या धनुष्याकडे बघितलं. मग म्हणाला, "त्याला सांगितलंस?"

"नाही."

"मी सात वर्षं माझ्या हाताला दोष दिला. माझं मी बघेन. तो रोज त्या दोन बोटांकडे बघून कुणाला दोष देत असेल?"

मी किटली डाव्या हातात घेतली.

"तू आधी चुकीच्या माणसाकडे आलास," तो म्हणाला. "फोन लाव."

मी लावला. स्पीकरवर एक बाई अरबीत म्हणाली की या क्रमांकाशी संपर्क होऊ शकत नाही. बाबाने ते पूर्ण ऐकून घेतलं. मग त्याने माझ्या हातातून किटली घेतली, कप उजव्या हातात धरला आणि गाहवा ओतला. हात जराही हलला नाही. एक थेंब बाहेर सांडला नाही. या दिवसाची मी इतकी वर्षं वाट बघितली होती, आणि मला वाटलं होतं की तो हात स्थिर बघितला की छातीवरचं ओझं उतरेल. कप माझ्यापुढे धरून तो उभा होता, मी तो घेतला, आणि काहीच उतरलं नाही.

"उद्या ये," तो म्हणाला. "अस्रच्या नमाजानंतर."

तेव्हापासून मी रोज जातो. त्याने मला कामावरून काढलं नाही, पोलिसांना कळवलं नाही, आवाज चढवला नाही. कधी कधी वाटतं, हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं. मी जाऊन बसतो, फोन लावतो, स्पीकर सुरू करतो. बाई तेच बोलते. बाबा गाहवा ओतायला घेतो. रिकामा कप आपण हलवला की पुरे असा अर्थ होतो. मी हलवेपर्यंत तो ओतत राहतो.

चाचाला सांगायचं वाक्य त्याने माझ्याकडून घोटून घेतलं आहे. मी मालेशपासून सुरुवात करत होतो. त्याने थांबवलं. "माफी नंतर. माफी तुझ्यासाठी आहे. आधी त्याचं त्याला दे."

काल फोन लावला तेव्हा नेहमीची बाई बोलली आणि थांबली. फोन कापला जाण्याआधी दोनतीन सेकंद नुसती शांतता असते. ती शांतता रोज असणार, मी कधी ऐकली नव्हती. मी फोन तोंडाशी धरला आणि म्हणालो, चाचा, तू उठला नव्हतास. तू बसलेला होतास, तुझा हात दगडावर होता. मी तुझ्याकडेच बघत होतो.